देलोंच्या ग्रंथातील चित्रे : गोव्याच्या इन्क्विझिशनचा दृश्य पुरावा

इन्क्विझिशनचे नाव निघाले की आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर उंच टोकदार टोपी, अंगभर झगा आणि त्यावर रंगविलेल्या ज्वाळा व भुते उभी राहतात. गोव्यापुरते बोलायचे तर हे दृश्य आपल्याला मुख्यतः शार्ल देलों या फ्रेंच वैद्याच्या ग्रंथाने दिले. त्याला 1673 मध्ये दमण येथे अटक झाली, पुढील वर्षी गोव्यास आणण्यात आले आणि 12 जानेवारी 1676 रोजी शिक्षा सुनावण्याच्या मिरवणुकीत तो स्वतः अनवाणी चालला. पाच वर्षांच्या सक्तमजुरीसाठी त्याची पोर्तुगालला रवानगी झाली. 1677 मध्ये सुटका झाली. ग्रंथ 1687 साली निघाला. 1688 च्या पॅरिस आवृत्तीत सेव्हँ याच्या रेखाटनांवरून व्हर्म्यूलेन याने तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली चित्रे आहेत.

या चित्रांत वस्त्र हीच लिपी आहे. पिवळ्या झग्यावर पुढे-मागे तिरपा क्रूस असेल, तर त्याला जीवदान मिळालेले असते. करड्या झग्यावर जळत्या लाकडांवरील स्वतःचीच मुखाकृती, वर उसळणाऱ्या ज्वाळा आणि भोवती भुते असतील, तर त्याच्यासाठी चिता रचलेली आहे. तिसरा प्रकार मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो : ज्वाळा आहेत, पण त्या उलट्या, खाली तोंड केलेल्या. दोषी ठरल्यावर कबुलीजबाब देऊन ज्याने मरण टाळले, त्याचा हा झगा.

मात्र चित्रकारापुढे गोवा नव्हता, देलोंचे शब्द होते. त्यामुळे चेहरे युरोपीय आहेत. त्या दिवशी जिवंतपणी चितेकडे नेलेली दोन माणसे, एक पुरुष व एक स्त्री, येथलीच नवख्रिस्ती होती, आरोप जादूटोण्याचा. त्यांच्यासोबत चार मृतांच्या अस्थी व प्रतिमाही होत्या. धर्मन्यायालय स्वतः कोणाला मारीत नसे. दयेची विनंती करून ते आरोपीला मुलकी सत्तेच्या हवाली करी. नदीकाठी व्हाइसरॉय वाट पाहत असे. ख्रिस्ती म्हणून मरण्यास तयार असणाऱ्याचा आधी गळा आवळला जाई, मग देह जाळला जाई. ही दया!

पुढे या चित्रांच्या नकला निघाल्या. कोरलेले चित्र जसेच्या तसे नव्या पत्र्यावर उतरविले, तर छाप उलटा येतो. म्हणून डावे-उजवे बदललेले दिसले की नकलेचा संशय घ्यावा. सिद्धता म्हणून मात्र तेवढे पुरेसे नाही, कारण सावध कारागीर आरसा वापरीत.

गोव्यात मुद्रणयंत्र 1556 मध्ये आले, इन्क्विझिशन 1560 मध्ये. असे असून हे चित्र छापले गेले ते पॅरिसला, यात नवल नाही. 1812 मध्ये ते न्यायालय कायमचे बंद झाले आणि त्याची बहुतेक दप्तरे नष्ट झाली. अ. का. प्रियोळकरांनी 1961 च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात देलोंच्या वृत्तान्ताला मोठे स्थान दिले, त्यामागे हेही कारण आहे.

देलों सांगतो की, जाळलेल्यांची चित्रे दुसऱ्या दिवशी डॉमिनिकन पंथाच्या चर्चमध्ये टांगली जात. जळत्या लाकडांवर केवळ मस्तक, आणि खाली नाव, बापाचे नाव, गाव, अपराध व तारीख. त्या पुरुषाचे व त्या स्त्रीचे नाव देलोंने दिलेले नाही. ते चर्च आज उभे नाही.