प्रवाळबेटांचे किनारासंरक्षण, सौर विद्युतीय

प्रवाळबेटांच्या पुळणींची धूप थांबविण्यासाठी सौर विजेच्या मंद प्रवाहाने समुद्राच्या पाण्यातील खनिजे पोलादी सांगाड्यावर साचवून कृत्रिम भित्ती उभारण्याची पद्धती. वुल्फ हिल्बर्ट्झ या जर्मन वास्तुविशारदाने १९७० नंतरच्या दशकात खनिजसंचयनाचे प्रयोग केले. पुढे टॉमस गोरो या प्रवाळतज्ञाच्या साहाय्याने ते प्रवाळांच्या संवर्धनासाठी योजले गेले.

मालदीव, लक्षद्वीप यांसारखी बेटे समुद्रसपाटीपासून जेमतेम १ ते २ मी. उंच असतात. त्यांची जमीन म्हणजे प्रवाळ, चुनखडीयुक्त शैवले व सूक्ष्म कवचधारी प्राणी यांच्या अवशेषांची वाळूच होय. सभोवतालची प्रवाळभित्ती लाटांचा जोर मोडते व नवी वाळूही पुरविते. ती मृत झाली, की दोन्ही कामे थांबतात. मालदीवमध्ये घरबांधणीसाठी भित्तीतील दगड काढल्याने ही हानी वाढली. लक्षद्वीपातील बंगारम कंकणद्वीपावरील पराळी-१ हे निर्जन बेट १९६८ मध्ये ०·०३२ चौ. किमी. होते; ते पूर्णपणे नष्ट झाल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. मात्र प्रत्येक घट ही धूप नव्हे. नैर्ऋत्य व ईशान्य मोसमी वाऱ्यांनुसार वाळू बेटाच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे सरकते व पुन्हा परतते. एकाच ऋतूतील पाहणीवरून भिंत बांधल्यास हे स्थलांतर अडते व नसलेली धूप ओढवून घेतली जाते.

काँक्रीटची सलग भिंत लाट परतवते; परतणारी लाट भिंतीच्या पायथ्याची वाळू उकरते, त्यामुळे पुळण नाहीशी होते व कालांतराने भिंतही खचते. मालेच्या रक्षणासाठी १९८७ च्या सागरी पुरानंतर जपानच्या साहाय्याने चतुष्पाद काँक्रीट ठोकळ्यांचे लाटरोधक बांध घालण्यात आले. राजधानीला परवडणारा हा खर्च लहान बेटांच्या आवाक्यातला नाही.

विद्युतीय पद्धतीत पोलादी सळ्यांची जाळी ऋणाग्र म्हणून उथळ पाण्यात ठेवतात व लेप दिलेल्या टिटॅनियमाची जाळी धनाग्र म्हणून जवळ बसवितात. कमी दाबाचा एकदिश प्रवाह सोडल्यावर ऋणाग्रापाशी हायड्रोजन वायू सुटतो, पाण्याची क्षारता वाढते आणि कॅल्शियम कार्बोनेट (ॲरॅगोनाइट) व मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड (ब्रूसाइट) सळ्यांवर साचतात. प्रवाह मंद असल्यास कठीण ॲरॅगोनाइटाचे प्रमाण अधिक राहते. घाईने जोराचा प्रवाह दिल्यास मऊ ब्रूसाइट साचून थर ठिसूळ होतो. थराची वाढ वर्षाला सु. १ ते २ सेंमी. असते. ऋणाग्र असल्याने पोलाद गंजत नाही व प्रवाह चालू असेतो भेगाही भरून येतात. जाळीच्या छिद्रांतून पाणी जाताना लाटेची ऊर्जा घर्षणाने खर्ची पडते व मागील शांत पाण्यात वाळू बसते. सळ्यांना प्रवाळांचे तुकडे बांधल्यास ते त्यांवर रुजतात.

दूरच्या बेटांवर डीझेल जहाजाने आणावे लागते. सौर घटांपासून थेट कमी दाबाची एकदिश वीज मिळत असल्याने प्रत्यावर्तकाची गरज नसते. तथापि दाब कमी असल्याने लांब तारांत मोठी घट होते, म्हणून तारा जाड व पट्टिका किनाऱ्यालगत ठेवाव्या लागतात. तेथेच खारे वारे व वादळे यांचा उपद्रव अधिक. रात्री संचयन थांबते. विद्युत् संचायक जोडल्यास खर्च व देखभाल दोन्ही वाढतात.

मालदीवमधील इहुरू बेटासमोर १९९७ मध्ये सु. ५० मी. लांबीची अशी भित्ती उभारण्यात आली व तिच्यामागील पुळण रुंदावली. इंडोनेशियातील गांगा बेटावर २०१६ मध्ये असाच प्रयोग झाला. तेथे काही महिन्यांतच वाळू साचल्याचे कर्त्यांनी नोंदविले आहे. विद्युत् प्रवाहामुळे प्रवाळांची वाढ जलद होते व ते उष्ण पाण्यात अधिक तग धरतात, हा दावा मात्र वादग्रस्त आहे. स्वतंत्र प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. शिवाय वाळूचा पुरवठाच आटलेल्या जागी कोणतीही भित्ती पुळण निर्माण करू शकत नाही. वीज खंडित झाल्यास पोलाद पुन्हा गंजू लागते. त्यामुळे पट्टिका पुसणे, तारा तपासणे ही कामे करणारी माणसे बेटावरच असावी लागतात.