९स − ५फ + १६० = ० : ही रेषा ओळखलीत का?

दहावीच्या मुलांनो (आणि गणितापासून पळालेल्या त्यांच्या आईबाबांनो), हे सेल्सिअस-फॅरेनहाइटचं नातं आहे. आडव्या अक्षावर स, उभ्यावर फ. रेषेचा चढ किती? घाईघाईने ९ म्हणू नका.

आधी फ ला एकटं पाडा: ५फ = ९स + १६०. आता ५ ने भागा, पण प्रत्येक पदाला! १६० तसेच ठेवून देणारे महाभाग प्रत्येक वर्गात असतात. उरलं फ = १.८स + ३२.

स चा सहगुणक १.८, हाच चढ. तो आकाशातून पडलेला नाही. पाणी गोठण्यापासून उकळण्यापर्यंत सेल्सिअसमध्ये १०० अंश, फॅरेनहाइटमध्ये ३२ ते २१२, म्हणजे १८०. भागा १८० ला १०० ने!

आणि सुटं राहिलेलं ३२? स = ० ठेवलं की रेषा उभ्या अक्षाला (०, ३२) इथे छेदते. पाण्याचा गोठणबिंदूच की!

अक्षांची अदलाबदल केली तर चढ ५/९ होतो. म्हणून ताप १०० चा १०१ फॅरेनहाइट झाला, तरी सेल्सिअसचा काटा जेमतेम अर्धा अंश सरकतो.

आता स = −४० ठेवून बघा. उत्तर कमेंटमध्ये!