विहारातील संगणकासाठी अनुदान : पहिला अर्ज कोठे करावा?

बाबासाहेबांनी 20 जुलै 1924 रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली ती रीतसर नोंदवून घेतली. जानेवारी 1925 मध्ये सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. त्या वसतिगृहाला सोलापूर नगरपालिकेने 40 रुपयांचे अनुदान मंजूर केले. आधी नोंदणी, मग काम, मग जवळच्या दारात मागणी. आपल्या परभणी जिल्ह्यात ज्या वस्त्यांनी विहारात मुलांसाठी संगणक वर्ग काढायचे मनावर घेतले आहे, त्यांनी हाच क्रम धरावा.

संगणक आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. एमएचटी-सीईटी 2019 पासून संगणकावर होते. 2023 ची तलाठी भरतीची परीक्षाही संगणकावरच झाली. मजुरी करणाऱ्या आईबापांची लेक वर्षभर पुस्तकावर घोकते आणि माऊस पहिल्यांदा हातात धरते तो परीक्षेच्या दिवशी!

आपले तरुण उत्साहाने थेट मुंबईच्या मोठ्या कंपनीला पत्र धाडतात. कंपनी कायदा, 2013 प्रमाणे मोठ्या कंपन्यांना नफ्याचा 2 टक्के भाग समाजकार्यावर खर्चावा लागतो, हे खरे. परंतु तो पैसा संस्थेमार्फत द्यायचा, तर त्या संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. आयकर खात्याची '12ए' आणि '80जी' म्हणून ओळखली जाणारी नोंदणी लागते आणि 'सीएसआर-1' हा फॉर्म भरून मिळालेला क्रमांकही लागतो. म्हणजे आज सुरू केलेल्या कामाचे फळ तीन वर्षांनी. म्हणून वाट न पाहता दोन जुन्या संगणकांवर का होईना, वर्ग सुरू करा आणि पहिल्या दिवसापासून हजेरीपट ठेवा.

दरम्यान जवळची दारे आहेत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील 15 टक्के आणि जिल्हा परिषदेने 20 टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्चायची असते. हा निधी कशावर गेला, हे किती वस्त्यांनी आजवर विचारले? 15 ऑगस्ट किंवा 26 जानेवारीच्या ग्रामसभेत महिला मंडळासह हजर राहा, अभ्यासिकेची मागणी ठरावात लिहून घ्या आणि ठरावाची नक्कल मागा. तोंडी आश्वासनाला फाईलमध्ये जागा नसते, हे मी कारकून म्हणून सांगतो.

संस्था नवी असेल तर किमान सात जण लागतात. जुने मंडळ असेल तर आधी धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल-1 चा उतारा काढा. पुष्कळ ठिकाणी अध्यक्ष वारून दहा वर्षे होतात, तरी उताऱ्यावर त्यांचेच नाव असते. बदल झाल्यापासून 90 दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो. तो राहिला असेल तर उशीर माफीच्या अर्जासह दाखल करा, नाहीतर पैसा मंजूर होऊनही सहीपाशी अडेल. 31 मार्चपर्यंतचे हिशेब दरवर्षी तपासून घ्यावेत. जयंतीच्या वर्गणीचा पैन्‌पैचा हिशेब आपण फळ्यावर लिहितो, तीच सवय वहीत उतरवायची.

अर्ज दोन पानांचा पुरे. वस्तीत सातवी ते बारावीची मुले किती, त्यांत मुली किती, घरी संगणक किती जणांकडे, वर्ग किती वाजता आणि शिकवणार कोण, एवढे स्पष्ट लिहा. खर्चाच्या तक्त्यात संगणकांबरोबर इन्व्हर्टर, इंटरनेट, दुरुस्ती आणि शिकवणाऱ्याचे मानधन धरा. ते न धरल्यामुळे चांगली यंत्रे प्लॅस्टिकच्या कव्हराखाली धूळ खात पडतात. दुकानांची तीन कोटेशने जोडा.

परदेशातील नातलगांच्या मदतीबद्दल एक सूचना. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय ठरत नाही. तिकडचे नागरिकत्व घेतलेल्याची मात्र ठरते, आणि तिला 2010 च्या परकीय देणगी कायद्याची परवानगी आधी लागते. पैसे खात्यावर येण्यापूर्वीच पासपोर्ट कोणत्या देशाचा, हे विचारून घ्या.