जांभळा, पण नेमका कोणता?

कॅडबरीच्या चॉकलेटचा जांभळा रंग म्हणजे पॅन्टोन 2685 सी. त्याच्या ट्रेडमार्कला नेस्लेने हरकत घेतली आणि 2013 मध्ये ब्रिटनच्या अपील न्यायालयाने कॅडबरीच्या विरोधात निकाल दिला. न्यायालयाला खटकलं ते अर्जातलं ‘प्रामुख्याने हा रंग’ हे मोघम वर्णन. छटा कोणती, हे त्या क्रमांकाने पक्कं केलेलं होतं.

क्रमांकाची गरज का पडते, हे जांभळ्यावरूनच छान कळतं. चाररंगी छपाईत सायन आणि मॅजेंटा एकमेकांवर छापून जांभळा तयार होतो. सायनने फक्त लाल प्रकाश शोषावा आणि मॅजेंटाने फक्त हिरवा, ही अपेक्षा. पण खऱ्या शाया इतक्या शिस्तीच्या नसतात. सायन थोडा हिरवाही शोषते आणि मॅजेंटा निळ्याचा बराच भाग गिळते. जो निळा प्रकाश डोळ्यापर्यंत परतायला हवा, तोच वाटेत घटतो. जांभळा मळकट दिसतो. शिवाय छापताना मॅजेंटा जरा वाढली की तो लालसर होतो, कमी पडली की निळसर. म्हणून आधीच मिसळून तयार केलेली स्वतंत्र शाई आणि तिच्यासाठी पाचवी प्लेट वापरतात. अशा शायांची प्रमाणं ठरवून देणारी पॅन्टोनची पद्धत लॉरेन्स हर्बर्ट यांनी 1963 मध्ये आणली.

क्रमांकापुढचा ‘सी’ गुळगुळीत आर्ट पेपरसाठी असतो. साध्या कागदासाठी ‘यू’. शाई तीच, पण साध्या कागदाच्या तंतूंत ती मुरते, पृष्ठभागावर प्रकाश विखुरतो आणि रंग फिका पडतो.

प्रकाशाचीही खोड आहे. उन्हात जुळलेल्या दोन शाया दुकानातल्या दिव्याखाली वेगळ्या दिसू शकतात. म्हणून छपाईतले रंग 5000 केल्विनच्या प्रमाणित प्रकाशात पारखतात आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजतात. 1976 च्या ‘लॅब’ पद्धतीत प्रत्येक रंगाला तीन आकडे मिळतात. ठरलेला रंग आणि छापलेला रंग यांच्यातलं अंतर म्हणजे ‘डेल्टा ई’. ते साधारण एकच्या आत असेल, तर फरक सहसा नजरेत भरत नाही.

म्हणूनच बोधचिन्हाचा रंग केवळ पडद्यावर पाहून मंजूर करणं मला साफ चुकीचं वाटतं. पडदा स्वतः प्रकाश सोडतो, कागद तो परतवतो. वर्तमानपत्राच्या कागदावर, पिशवीवर, कार्डावर रंगाचे ठोकळे छापून घ्या, मगच छटा निवडा. छपाईच्या ऑर्डरवर क्रमांकासोबत कागद, लॅबचे आकडे आणि चालेल तेवढा डेल्टा ई लिहा.