जनक्षोभ आणि निर्दोषत्वाचे गृहीतक

एखाद्या निर्घृण गुन्ह्याची वार्ता पसरली, की समाजमन हादरून जाते. मोर्चे निघतात, बंद पाळले जातात आणि आरोपीला भर चौकात फाशी द्या, अशी मागणी होऊ लागते. हा संताप हिणवण्याजोगा खचित नव्हे. अत्याचार पाहूनही ज्याचे रक्त तापत नाही, तो समाज मेलेलाच म्हणावा लागेल. परंतु पोलिसांनी पकडलेला माणूस आणि गुन्हा करणारा माणूस एकच, असे हा संताप धरून चालतो. खटल्यात सिद्ध व्हावयाचे असते ते नेमके हेच.

दोष सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष मानावा, हे तत्त्व गुन्हेगाराची कड घेण्यासाठी जन्मलेले नाही. १९३५ साली वूलमिंग्टन खटल्यात लॉर्ड सँकी यांनी त्याला इंग्लंडच्या फौजदारी कायद्यातील सोनेरी धाग्याची उपमा दिली. आपल्याकडे पुराव्याचा भार फिर्यादी पक्षावर टाकणारे सूत्र १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होते, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, असे संविधानाचे विसावे कलम सांगते. बाविसावे कलम त्याला वकिलाचा हक्क देते. या तत्त्वामुळे अटक टळते किंवा जामीन आपोआप मिळतो, असे मुळीच नाही. फिर्यादीवर अविश्वास दाखवा, असेही ते सांगत नाही. शासनाने आपला आरोप पुराव्यानिशी शाबीत करावा, एवढेच त्याचे मागणे आहे.

नाशिकचा धडा

या मागणीचे मोल किती, हे महाराष्ट्रातीलच एका खटल्याने दाखवून दिले आहे. जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका मळ्यातील झोपडीवर दरोडा पडला. एकाच कुटुंबातील पाच जणांची हत्या झाली, स्त्रियांवर अत्याचार झाले. भटक्या जमातीतील सहा जणांना अटक झाली. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सर्वांनाच फाशी ठोठावली. पुढे फेरविचार झाला आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने प्रारंभीच पोलिसांच्या संग्रहातील छायाचित्रांवरून भलत्याच चौघांना ओळखले होते, आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता! सुटलेल्यांपैकी एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देवविली. आयुष्याची सुमारे सोळा वर्षे तुरुंगात गेली, त्यांची भरपाई कोणत्या खजिन्यातून व्हावयाची?

यातील दुसरी हानीही तितकीच गंभीर आहे. निरपराध माणूस शिक्षा भोगू लागला, की खऱ्या गुन्हेगाराचा शोध थांबतो. म्हणजे चुकीच्या शिक्षेने पीडित कुटुंबालाही न्याय मिळत नाही; मिळतो तो केवळ न्यायाचा आभास.

झटपट न्यायाची किंमत

नाशिकची चूक उशिरा का होईना दुरुस्त झाली, कारण खटला चालला होता, कागदपत्रे शिल्लक होती आणि आरोपी जिवंत होते. २०१९ च्या डिसेंबरात हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्य स्त्रीवरील अत्याचार व हत्येच्या प्रकरणातील चारही आरोपी पोलिसांच्या गोळीबारात ठार झाले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आरोपींवर हेतुपुरस्सर गोळ्या झाडण्यात आल्या, असा निष्कर्ष त्याने २०२२ मध्ये काढला. ते चौघे दोषी होते की नाही, याचा निवाडा आता कोणतेही न्यायालय करू शकत नाही.

खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात, मग लोकांनी धीर धरावा तरी किती, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. पण विलंबाचा जाच फिर्यादीइतकाच निरपराध आरोपीलाही होतो. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार कैदी होते. त्यांपैकी ४ लाख ३४ हजार, म्हणजे चारांपैकी तीन, खटला न संपलेले कच्चे कैदी होते. यावर उपाय आहे तो अधिक न्यायाधीश, सक्षम प्रयोगशाळा आणि राजकीय दडपणापासून मुक्त तपास हा. त्यासाठी पैसा लागतो, आणि तो अंदाजपत्रकात मागावा लागतो. मोर्च्याने मागणी करावयाची ती याची करावी.

आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये, असे ठराव काही वकील संघांनी केले. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव निरर्थक ठरविले. कारण उघड आहे. ज्याच्या बाजूने बोलावयास कोणीच नाही, त्याच्यावरील आरोप कधी कसास लागत नाही. आज संशयाचे बोट भटक्या जमातीतील मजुराकडे वळते. उद्या ते कोणाच्या दाराशी थांबेल, हे कोणी सांगावे? त्या दिवशी प्रत्येकाला जो न्याय हवा असेल, तोच आज दुसऱ्याला नाकारून चालणार नाही.