हळद, सोयाबीन आणि चिनी मुलुखाची वाट

पुण्या-मुंबईच्या यात्रा-कंपन्या परदेशप्रवासाच्या ज्या सहली आखून देतात, त्यांत चीनचा क्रम बहुधा दुबई, सिंगापूर आणि युरोप उरकल्यानंतर लागतो. आणि लागला म्हणजे पेइचिंगजवळची भिंत, शांघायचे उत्तुंग मनोरे आणि एखादे रेशमाचे दुकान एवढ्यावर त्या विशाल देशाची बोळवण होते. सोबत आपला आचारी असतोच, त्यामुळे सकाळी पोहे आणि रात्री पोळी-भाजी अशी तजवीज होऊन प्रवासी ज्या देशात गेला त्या देशाचा एक घासही न घेता परत येतो. ज्यांना यात समाधान आहे त्यांच्याशी आमचा वाद नाही. परंतु अन्न आणि इतिहास ही दोन सूत्रे हाती धरून चिनी भाषिक मुलूख हिंडावा अशी ज्यांची इच्छा आहे, आणि त्यातही जे हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव किंवा औंढा नागनाथ येथील रहिवासी आहेत, त्यांच्यासाठी एक वेगळा मार्ग येथे सुचवीत आहोत. या मार्गाचा आरंभ कंपनीच्या माहितीपत्रकातून न करता आपल्याच शिवारातून करावा, असे आमचे मत आहे.

हिंगोलीचे नाव जुन्या दप्तरांत येते ते निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी आणि कापसाची पेठ म्हणून. 1903 साली छावणी उठली. त्यापुढच्या काळात कापसाचेही वर्चस्व ओसरले, आणि 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा जिल्हा निर्माण झाला तेव्हापासून आजतागायत या मुलुखाची ओळख उत्तरोत्तर दोन पिकांशी बांधली गेली आहे : खरिपात सोयाबीन आणि वर्षभर जमीन अडवून बसणारी हळद. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही गोष्ट आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे. सोयाबीन मात्र मूळचे चीनचे, हे मोंढ्यात माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. आर्द्रता किती, हमीभाव मिळतो की नाही, आडत्या पट्टी कधी देतो, या विवंचनेत त्या दाण्याची वंशावळ विचारण्यास कोणाला सवड आहे?

या अज्ञानाचा सर्वांत मौजेचा नमुना पाहावयाचा असेल तर सायंकाळी कोणत्याही चायनीजच्या गाड्यासमोर उभे राहावे. किसलेल्या कोबीत मैदा, कॉर्नफ्लॉवर आणि लाल रंग कालवून केलेले गोळे तेलातून निघतात. मग मोठ्या आचेवरच्या कढईत आले-लसूण परतून, एका काळ्या बाटलीतून सोया सॉसची धार सोडून, ते त्यात उलटसुलट घोळले जातात, आणि वर कांद्याची पात पडते. याचे नाव मंचुरियन. हा प्रकार मुंबईच्या क्रिकेट क्लबात नेल्सन वांग यांनी 1975 मध्ये कोंबडीच्या मांसाचा करून दाखविला असे सांगतात. मंचूरियाशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण खरी गंमत पुढेच आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत जगाच्या बाजारात जाणारे बहुतांश सोयाबीन ज्या मुलुखातून येत असे तो मुलूख मंचूरियाच होता, आणि तेथील गरीब शेतकऱ्याचे नित्याचे अन्न होते काओल्यांग, म्हणजे आपली ज्वारी. तेव्हा हिंगोलीच्या गाड्यावर मंचूरिया नसला तरी हिंगोलीच्या शेतात तो पुष्कळ अंशी आहे. फक्त शेतातले सोयाबीन तेलाच्या गिरणीला जाते, त्याची पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते, आणि गाड्यावर बाटली येते ती बाहेरून.

पारपत्र काढण्यापूर्वी महाराष्ट्रातच चिनी इतिहासाच्या ज्या खुणा आहेत त्या पाहून घ्याव्यात. महाबळेश्वरास 1834 पासून सुमारे तीस वर्षे चिनी व मलायी कैद्यांचा तुरुंग होता. या बंदिवानांनी तेथे बटाटे आणि विलायती भाज्यांची लागवड वाढविली, वेताच्या टोपल्या विणल्या, आणि त्यांच्या बागांशेजारच्या प्रपाताला चायनामन धबधबा हे नाव मिळाले, जे आजही टिकून आहे. माथ्यावर मक्याचे कणीस खात फिरणाऱ्या लोकांना याची दाद नसते. मुंबईत माझगावला एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, 1919 मध्ये स्थापन झालेले सी युप मंदिर आहे. गोदीवर आणि जहाजांवर काम करणाऱ्या कँटनकडच्या लोकांनी आपल्या क्वान कुंग या युद्धदेवतेसाठी ते उभारले. 1962 च्या युद्धानंतर या देशातील हजारो चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. पुढे अनेकांनी देश सोडला, आणि माझगावचे ते मंदिर आज मूठभर कुटुंबांच्या श्रद्धेवर चालते. सोलापुरास डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक आहे. त्यांची गाठ आपल्याला पुढे पडणारच आहे.

आता कालनिर्णय. हिंगोलीच्या कास्तकाराला सवड मिळते ती सोयाबीन घरात आल्यानंतर आणि हळद काढणीला येण्यापूर्वी, म्हणजे स्थूलमानाने कार्तिक-मार्गशीर्षात. योगायोग असा की चिनी मुलूख पाहावयासही हाच काळ उत्तम : ऑक्टोबरच्या पहिल्या सप्ताहातील राष्ट्रीय सुटीची झुंबड ओसरलेली असते, आणि माघाच्या आसपास येणारे त्यांचे नववर्ष, ज्या वेळी सारा देश आपापल्या गावी निघतो आणि आगगाडीचे तिकीट दुर्मीळ होते, ते अद्याप दूर असते. 2020 पासून खंडित झालेली थेट विमानसेवा 2025 च्या ऑक्टोबरात कोलकात्याहून ग्वांगझोला पुन्हा सुरू झाली आहे. तेव्हा हिंगोली डेक्कन स्थानकावरून अकोला आणि अकोल्याहून हावडा असा लोहमार्ग धरावा. कोलकात्यात एक रात्र मुक्काम करून पहाटे तिरेट्टा बाजारात जावे. तेथील चिनी कुटुंबे रस्त्याच्या कडेला वाफेवरचे पाव आणि सूप विकतात, आणि उन्हे चढण्यापूर्वी सारा बाजार आवरलेला असतो. चीनचा परवाना अर्थातच आधी काढावा लागतो. पैशांचे व्यवहार तेथे जवळजवळ सर्वस्वी मोबाइलवर चालतात, म्हणून आपले कार्ड त्यांच्या अलीपे किंवा वीचॅटला घरूनच जोडून घ्यावे. आपल्या नित्याच्या नकाशांवर विसंबू नये, कारण गूगल तेथे चालत नाही.

ग्वांगझो हेच ते कँटन. 1938 च्या सप्टेंबरात काँग्रेसने पाठविलेले पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक याच नगरात उतरले होते : अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे कोटणीस, बसू आणि मुखर्जी. त्या पथकाच्या मागावर आपणही उत्तरेकडे जावे आणि शिच्याच्वांग येथे उतरावे. 1942 च्या 9 डिसेंबरला, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख असताना कोटणीस निवर्तले. त्यांची समाधी या शहराच्या हुतात्मा-स्मशानभूमीत आहे आणि कॅनडाचे डॉ. बेथ्यूनही तेथेच विसावले आहेत. शांतारामबापूंच्या 1946 च्या चित्रपटामुळे हे नाव मराठी घराघरात पोचले, पण त्या समाधीपर्यंत पोचलेले मराठी लोक फार थोडे. पेइचिंग येथून जलद गाडीने तास-सव्वातासाच्या अंतरावर आहे. ज्याला भिंत पाहिल्यावाचून चैन पडणार नाही त्याने ती पाहून यावे.

शीआन हे या प्रवासाचे पहिले प्रदीर्घ ठाणे. जुन्या छांगआनचा भिक्षू ह्युएनत्संग सातव्या शतकात भारतभर हिंडला आणि इ. स. 641 च्या सुमारास महाराष्ट्रात आला. येथील जमीन सकस आहे, माणसे उंच, साधी आणि मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, पराभूत सेनापतीला शिक्षा न देता स्त्रीवेष नेसवितात, युद्धापूर्वी हत्तींना मद्य पाजतात, आणि पुलकेशी राजाला हर्षासही नमविता आले नाही, अशा अर्थाचे जे वर्णन त्याने लिहून ठेवले, ते मराठी मुलुखाविषयी परकीयाने दिलेल्या सर्वांत जुन्या साक्षींपैकी एक होय. त्याने नेलेल्या ग्रंथांसाठी 652 मध्ये बांधलेला मोठा हंस-मनोरा शीआनमध्ये उभा आहे. मातीच्या सैनिकांची प्रसिद्ध फौजही येथेच. ती 1974 मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना सापडली, आणि मराठवाड्यात विहिरीला पाणी लागेना म्हणून खोल-खोल जाणाऱ्या माणसाला या कथेतील पहिला अर्धा भाग सांगावा लागत नाही. अन्नाच्या दृष्टीने शीआन भाताचे नव्हे, गव्हाचे शहर आहे. पट्ट्याएवढ्या रुंद हाताने ओढलेल्या शेवया, त्यावर तिखटपूड आणि त्या पुडीवर कडकडीत तेलाची फोडणी : आपल्या जिभेला हे परके वाटणार नाही.

परंतु ज्या एका नगरासाठी बाकी सारे मुक्काम आवरते घ्यावेत असे आम्ही म्हणू ते छंगदू. शीआनहून छिन्लिंगच्या पर्वतराजीतील बोगदे ओलांडत गाडी चार तासांच्या आत सिचुआनात उतरविते. आमच्याकडे सोयाबीन खाण्याचे प्रयोग झाले ते गव्हात पीठ मिसळून, आणि त्या पिठाचा हिरवट वास कोणालाच रुचला नाही. चिनी माणसाने मात्र हा दाणा जसाच्या तसा क्वचितच खाल्ला. तो रात्रभर भिजवावा, वाटावा, दूध गाळून पुरते उकळावे, त्यात जिप्सम टाकून ते साकळू द्यावे आणि फडक्यात बांधून दाबावे, म्हणजे तोफू होतो. पद्धत आपल्या पनीरच्या अगदी जवळची. दुसरा मार्ग आंबविण्याचा : त्यातून सॉस निघतो, खारवलेले काळे दाणे निघतात. छंगदूच्या मापो तोफूत हे दोन्ही मार्ग एकत्र येतात, आणि वर मिरचीचा लाल तवंग व ह्वाज्याव नावाच्या फळांची पूड असते, जिने जीभ बधिर होते. कोकणातल्या माणसाला तिची ओळख पटेल, कारण ती तिरफळाची सख्खी बहीण आहे. मिरची मात्र चीनला आणि आपल्याला एकाच सुमारास, सोळाव्या शतकात, समुद्रापलीकडून मिळाली. नर्सीला जन्मलेल्या नामदेवांनी आणि ह्युएनत्संगाने, दोघांनीही, मिरची कधी चाखली नाही!

मापो तोफूत खिमा असतो, म्हणून माळकऱ्याने तो डोळे झाकून मागवू नये. त्याच्यासाठी छंगदूतच वनशू विहार आहे. वनशू म्हणजे मंजुश्री. विहाराच्या उपाहारगृहात मांस तर नाहीच, पण बौद्ध नियमाप्रमाणे कांदा-लसूणही वर्ज्य, आणि ज्यांच्या घरी चातुर्मास पाळतात त्यांना हा नियम समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. सहाव्या शतकातील ल्यांग वंशाच्या वू सम्राटाने भिक्षूंसाठी मांसवर्जनाचा आग्रह धरला तेव्हापासून हे पाकशास्त्र वाढत गेले आहे. इतरत्र ‘वो छ्र सू’, मी शाकाहार घेतो, एवढे वाक्य पाठ ठेवावे आणि तरीही डुकराच्या चरबीची चौकशी करावी.

छंगदूपासून जवळच तूच्यांगयेन आहे. ख्रिस्तपूर्व 256 च्या सुमारास ली पिंग या अधिकाऱ्याने मिन नदीचा प्रवाह, धरण न बांधता, दुभागून हे कालव्यांचे जाळे आखले, आणि ते आजही पाणी देत आहे. येलदरी, सिद्धेश्वर आणि इसापूर यांच्या पाणीपाळीची वाट पाहण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांनी येथे अर्धा दिवस अवश्य बसावे. सिचुआनात हळदही लावतात, पण औषधासाठी. ती वैद्याच्या दुकानातील खणांत मिळते, स्वयंपाकघरात नाही. आणि ज्वारीचे तेथे मद्य होते. भाकरीच्या धान्याची ही गत पाहून आमच्या आजीने काय म्हटले असते ते न लिहिणेच बरे.

पुढे पूर्वकिनाऱ्यावर च्वानझो. शांघाय वाटेत येते, येऊ द्यावे. च्वानझो म्हणजे मार्को पोलोचे झैतून, जेथे शिवमंदिर होते अशी साक्ष 1281 चा तमिळ शिलालेख देतो. खाययुआन विहाराच्या मागच्या बाजूला त्या हिंदू शिल्पांचे कोरीव स्तंभ आजही छत पेलून उभे आहेत. ज्या शतकात औंढ्याला यादवांच्या छत्राखाली नागनाथाचे दगडी काम होत होते आणि त्याच देवळाच्या परिसरात विसोबा खेचरांची कीर्ती वाढत होती, त्याच शतकात चीनच्या बंदरात दाक्षिणात्य व्यापारी शिवाची पूजा बांधीत होते. हा समकाल इतिहासाच्या पुस्तकांत एका पानावर कधी येत नाही. याच फुच्यान प्रांताच्या वर्णनात पोलो एका वनस्पतीचा उल्लेख करतो, जी रंगाने व वासाने केशरासारखी पण केशर नव्हे. ती हळद असावी असे जाणकार मानतात. एवढे असून तेथील आजच्या ताटात पिवळा रंग दिसत नाही.

तो दिसतो मकावमध्ये, आणि त्याचे कारण गोवा. 1844 पर्यंत मकावचा कारभार गोव्याच्या पोर्तुगीज अंमलाखाली चाले. 1874 मध्ये तेथे बांधलेली मूरिश बराक गोव्याहून नेलेल्या हिंदी शिपायांच्या तुकडीसाठी होती, आणि आज ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. शिपाई, खलाशी आणि बायकांच्या हातून गोव्याचे मसाले तेथील स्वयंपाकात उतरले. ज्या पदार्थाला तेथे ‘पोर्तुगीज कोंबडी’ म्हणतात तो हळद आणि नारळाच्या दुधाचा रस्सा आहे, आणि असा पदार्थ पोर्तुगालात कोणी करीत नाही. सुकटीचे बालिशाँव गोव्यातही आहे आणि मकावमध्येही. कोणी कोणाकडून घेतले यावर दोन्हीकडचे लोक हमरीतुमरीवर येतात. आमचा कौल मागितला तर तो आम्ही देणार नाही, पण रश्श्यातला पिवळेपणा पाहून वसमतचा माणूस पुडीचा वास घेऊन पाहील आणि माल किती जुना आहे ते सांगेल.

तैवानचे शाकाहारी भोजन उत्कृष्ट आहे, पण त्याचा परवाना निराळा, आणि एका प्रवासात सारेच साधण्याचा हव्यास धरू नये. मकावला आपल्या लोकांना तीस दिवस परवान्यावाचून राहता येते. तेथून 2018 मध्ये खुल्या झालेल्या समुद्रसेतूने हाँगकाँग गाठावे, पारशी दोराबजी नवरोजींनी सुरू केलेल्या स्टार फेरीने बंदर ओलांडावे आणि परतीचे विमान धरावे. हाँगकाँगच्या प्रवेशासाठीची आगाऊ नोंदणी मात्र हिंगोली सोडण्यापूर्वीच करून तिचा कागद जवळ ठेवावा. ती नसेल तर सेतूपलीकडच्या नाक्यावर अडवून घेण्याचा प्रसंग येतो.