शाळेत धर्म: ऐकीव काय, खरे काय?

परळीचे वैद्यनाथ, अंबाजोगाईची योगेश्वरी, कपिलधारचे मन्मथस्वामी, बीडचा शहेनशाहवली दर्गा ही नावे बीड जिल्ह्यातल्या मुलांच्या कानांवर शाळेत जाण्याआधीच पडतात. शाळेने धर्माबद्दल काय शिकवावे, यावर मात्र पारावर जितकी माणसे तितकी मते. राज्यघटनेचे २८ वे कलम त्यांतल्या बऱ्याच मतांचा निकाल लावते.

गैरसमज: जिल्हा परिषदेच्या शाळेत धर्माचे नावही काढता येत नाही.
वस्तुस्थिती: पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षणाला, म्हणजे विशिष्ट धर्माची उपासना व आचार शिकवायला मनाई आहे, माहिती द्यायला नाही. अरुणा रॉय खटल्यात (२००२) सर्वोच्च न्यायालयाने धर्मांचा अभ्यास घटनाविरोधी नसल्याचे सांगितले. त्यामुळे कंकालेश्वराचे स्थापत्य किंवा दासोपंतांची पासोडी खुशाल शिकवावी.

गैरसमज: सगळ्या पालकांनी संमती दिली की जिल्हा परिषद शाळेतही धर्मशिक्षण चालते.
वस्तुस्थिती: नाही. या मनाईला संमतीची पळवाट नाही. सरकार चालवत असलेली, पण धर्मशिक्षणाची अट घालणाऱ्या दाननिधीतून किंवा न्यासातून स्थापन झालेली संस्था एवढाच अपवाद घटनेत आहे.

गैरसमज: खासगी संस्थेच्या शाळेत प्रवेश घेतला म्हणजे तिथल्या पूजा-प्रार्थनेला बसावेच लागते.
वस्तुस्थिती: शाळा अनुदानित असो वा केवळ मान्यताप्राप्त, अज्ञान मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवायचे तर पालकांची संमती लागते. अल्पसंख्याक संस्थांच्या मान्यताप्राप्त शाळाही याला अपवाद नाहीत.

गैरसमज: उर्दू शाळा म्हणजे मदरसा.
वस्तुस्थिती: उर्दू हे शिकवण्याचे माध्यम आहे. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत गणित-विज्ञानासह राज्याचाच अभ्यासक्रम असतो आणि धर्मशिक्षणाची मनाई तिलाही लागू होते. मदरसे आणि वेदपाठशाळा ही धार्मिक शिक्षणाची वेगळी केंद्रे आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने दोन्हींना शिक्षण हक्क कायद्यातून वगळले आहे.

गैरसमज: खटकले तरी पालकांना दाद मागायला जागा नाही.
वस्तुस्थिती: सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. पहिला प्रश्न तिथे, बैठकीत विचारावा आणि तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.